पलीकडच्याचा वाटा

"बूट काढले की आत यायचं ना?" रॉयने मला विचारलं. पडवीच्या पायरीवर वाकून तो नाड्या सोडत होता. साठी उलटलेला उंच माणूस, मान उन्हाने रापून विटेसारखी झालेली. बुटांच्या आत त्याने घातलेले मोजे दोन वेगवेगळ्या रंगांचे होते, आणि ते मला दिसल्यावर तो जरा ओशाळला.

मी आतल्या दाराकडे बघितलं. दाराआड सासूबाई उभ्या होत्या, शार्दूलला खांद्यावर घेऊन. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"इथेच बसा," मी इंग्रजीत म्हटलं. "पडवीत वारा छान येतो."

तो बसला, आणि वारा खरंच छान आहे असंही म्हणाला.

तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. माहेर मिरजेचं, त्यामुळे आरवंड्यात मी अजून घाटावरचीच होते. नवरा पणजीला नोकरीला, शनिवारी येई. शार्दूल होण्याआधी मी गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, म्हणून सरपंचांनी या गोऱ्या पाहुण्याला थेट आमच्या अंगणात आणून सोडलं. दुसरंही कारण होतं. पाहुणा परब शोधत होता, आणि आरवंड्यात परबांचं मूळ घर आमचंच.

"माझं नाव रॉय रामा पॅरब," त्याने सासऱ्यांना हात जोडत सांगितलं. "माझ्या आजोबांचे आजोबा या गावचे. भिवा त्यांचं नाव."

मला भाषांतर करायची गरजच पडली नाही. सासूबाईंनी शार्दूलला घट्ट धरून घेतलं आणि त्या आत निघून गेल्या. तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला.

भिवा हे नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. त्याला सगळे 'पलीकडचो' म्हणत. मला इतकंच माहीत होतं की फार पूर्वी घरातल्या एकाने पाण्याच्या पाटावरून झालेल्या भांडणात शेजारच्या वाडीतला माणूस कोयत्याने मारला आणि इंग्रजांनी त्याला समुद्रापलीकडे धाडलं. शार्दूलचं नाव ठरवताना मी गमतीत विचारलं होतं की घरातलं एखादं जुनं नाव ठेवू या का, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "एक सोडून कसलाव ठेव."

रॉयकडे बाकीचं होतं. भिवाला आधी मॉरिशसला रस्ते बांधायला नेलं. तिथून तो होडी चोरून पळाला, पकडला गेला, म्हणून त्याला आणखी पुढे, ऑस्ट्रेलियाला पाठवलं. तिथे शिक्षा संपली तेव्हा तो पन्नाशीला टेकलेला होता. मेंढ्या राखायचा. एका आयरिश विधवेशी त्याने संसार मांडला आणि मुलगा झाला त्याचं नाव रामा ठेवलं. तेव्हापासून घरातल्या थोरल्या मुलाच्या नावात रामा असतो.

"का, ते कुणाला माहीत नाही," रॉय म्हणाला. "त्याला इथून नेल्यानंतरची सगळी कहाणी आमच्याकडे आहे. आधीची नाही. तो मुलगा होता तेव्हा कसा होता? कुठे पोहायचा? आणि…" तो थांबला. "तुम्ही त्यांना विचाराल का, त्याने खरंच तो माणूस मारला होता का?"

मी विचारलं. तात्या अंगणातल्या माडाकडे बघत राहिले.

"सांग त्येका, इतक्या वर्सापूर्वीचा कोणाक म्हायत."

रॉयने मान हलवली. हे उत्तर त्याला अपेक्षितच असावं. मग सुपारीचं खांड तोंडात टाकून कसं चावायचं हे त्याने तात्यांकडून शिकून घेतलं आणि त्याला सुपारी लागली तेव्हा तात्याही हसले. पाण्याचा तांब्या घेऊन मी परत आले तेव्हा तो आपल्या वडिलांविषयी बोलत होता. वडील शाळेत असताना बाकीची मुलं त्यांना वर्गाच्या दाराशीच अडवायची. चाकूसुऱ्या बाहेर ठेव, म्हणायची, तुझं रक्त खुन्याचं आहे. वडिलांनी जन्मभर घरात जेवताना सुरी वापरली नाही. पाव, मांस, सगळं हाताने तोडायचे. रॉयची मोठी बहीण एलन अंथरुणाला खिळली होती. ती म्हणाली होती, मी जायच्या आत मला एवढंच कळव, रॉय, हो की नाही.

"आणि हे," म्हणत त्याने पिशवीतून बिस्किटांचा एक छोटा पत्र्याचा डबा काढला. आत भिवाच्या थडग्यावरची माती होती, तांबूस, कोरडी. "हे तुमच्या अंगणात कुठेतरी ठेवायला मिळालं तर. त्याला घरी यायचं होतं, इतकं मात्र आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे."

तात्या डब्याकडे बघत म्हणाले, "बघूया."

त्या संध्याकाळी मी पडवीतच त्याचं आणि तात्यांचं पान वाढलं. भात, कुळथाची पिठी, तळलेले बांगडे. तो मांडी घालून बसला, पहिला घास उचलला, आणि तोंडात घालायच्या ऐवजी पायरीपलीकडे, अंगणाच्या कडेला ठेवून आला. मग डोळे मिटून, हात पानावर धरून तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."

तात्यांचा हात भातात तसाच राहिला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"अर्थ माहीत नाही," रॉय म्हणाला. "आम्ही असंच करतो. पहिला घास बाहेर आणि हे शब्द. बायको म्हणायची, तुमच्या घरचं आमेन. उच्चार चुकला का?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे."

कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक मानकरी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा'. आमच्या घरी ते बोलण्याचा मान तात्यांचा. गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही, देव मान्य करत नाही, असं ते नेहमी सांगायचे.

जेवण अर्धं टाकून तात्या आत गेले. चुलीपाशी त्यांचं आणि सासूबाईंचं हळू बोलणं चाललं होतं. मी ताट घेऊन गेले तसं ते थांबलं.

"अमावास्या खय लांब आसा," तात्या मला म्हणाले. "त्येका म्हण, तवसर ऱ्हव. पलीकडच्याक आमी वर्साक मान देतंव शिवेर. कोंबो, नारळ. त्येच्यासमोर होऊंदे यंदा."

"आणि ती माती?"

"ता मगे बघूया."

मी रॉयला तसं सांगितलं. तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.

"दरवर्षी?" त्याने विचारलं. "इतकी वर्षं, दरवर्षी?"

"हो."

"आमच्याकडे त्याच्या थडग्यावर गवत वाढलं होतं. मीच कुदळीने काढलं, दोन वर्षांपूर्वी. आणि इथे तुम्ही…"

ते दिवस घरात सणासारखे गेले. एरवी पाहुण्यांना कंटाळणाऱ्या सासूबाई त्याला रोज काहीतरी गोड करून वाढत होत्या. खांडवी केली, शिरवाळे केले, नारळाचा रस काढून दिला. तात्यांनी त्याला पाण्याचा तो पाट दाखवला, नदीतला डोह दाखवला, इथेच सगळी पोरं पोहतात म्हणाले. रॉय पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डोहात उभा राहिला आणि माझ्याकडे बघून हसला, शाळा चुकवलेल्या पोरासारखा. निवृत्त व्हायच्या आधी तो शाळेची बस चालवायचा. शार्दूल रडू लागला की तोंडाने बसच्या हॉर्नचा आवाज काढायचा आणि शार्दूल रडणं विसरायचा. पण शार्दूलला त्याच्या हातात द्यायला गेले की सासूबाई काहीतरी काम काढत. आणि उंबऱ्याच्या आत त्याला कोणी बोलावलं नाही. तो पडवीतल्या खाटेवर झोपे, पडवीत जेवे. पाहुण्याला वाऱ्याची जागा द्यायची असा इथला रिवाज असणार, असं त्याने बहिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

"आई, त्यांना एकदा आत देवघर तरी दाखवू या," मी म्हटलं.

"तू पोराक बघ," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "माझे दोन झिल पाळण्यातच गेले, रेवती. तुझ्या घोवाच्या आधीचे. तो पलीकडचो आपलो वाटो मागता. तुका नाय कळाचा. कळा पण नको."

शिवेवर बायका जात नाहीत. त्या वर्षी मी गेले, कारण दुभाष्याशिवाय रॉय जायला तयार नव्हता. निघताना तात्यांनी मला वाटेत बाजूला घेतलं.

"गाऱ्हाणा तुका काय कळाचा नाय, भरभर आसता. त्येका इतक्याच सांग, पूर्वजाची आठवण काढतंत म्हणान. आणि आमी म्हणू तवां त्येना व्हय म्हणाक व्हया. ता इसरा नको."

दुपारची वेळ होती. गावच्या हद्दीवर, काजूच्या झाडाखाली, गुडघ्याएवढा एक काळा दगड. भाऊबंदांतली दहाबारा माणसं जमलेली. मला नवल वाटलं ते दगडाच्या तोंडाचं. त्याला गावाकडे पाठ करून बसवला होता. रॉयने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि डबा छातीशी धरला होता.

तात्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. रॉयचा आवाज अर्ध्या क्षणाने मागून आला. दोनचार माणसांनी वळून पाहिलं. दुसऱ्या वेळी तो बरोबर तालात होता.

"आज अमावास्येच्या दिसाक तुझी लेकरां शिवेर उभी आसत. वाडवडलांची वहिवाट चुकवूक नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाणं खरंच भरभर असतं. माणसं शब्दांकडे लक्ष देत नाहीत, कधी व्हय म्हणायचं तेवढं बघतात. मी मात्र शब्दाशब्दाला कान देत होते, कारण मला ते दुसऱ्या भाषेत न्यायचे होते. आणि चार वर्षांत मला तात्यांना वाटत होतं त्याहून पुष्कळ कळायला लागलं होतं.

"थोरल्या भावान, रामान कोयतो मारल्यान, भिवान आपल्या माथ्यार घेतल्यान म्हाराजा. जेच्या पदरात पोरां तो ऱ्हवांदे, एकटो आसा तो जाऊंदे, असो तू कौल दिलंस. तुझ्या कौलान धाडलो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी रॉयकडे पाहिलं. त्याला दोन नावं ऐकू आली होती. त्याचा चेहरा उजळला होता.

"परत इलंस तर तुझो वाटो तुका देतलो, असो शब्द त्येका दिललो. तो वाटो ह्या नारळार, ह्या कोंब्यार पुरो झालो असो मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तो थयच ऱ्हवांदे. त्येची सावली ह्या शिवेत पडाक देव नको. त्येच्या रगताक ह्या घराचो उंबरो दाखव नको म्हाराजा."

तात्या इथे थांबले. त्यांनी रॉयकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पहिल्यांदाच कोणी घाई केली नाही.

"व्हय म्हाराजा," रॉय म्हणाला. मोठ्याने, एकटाच. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

मग नारळ फुटला, कोंबडा कापला, माणसं सैलावली. कोणीतरी रॉयच्या पाठीवर थाप मारली. कोणीतरी विडी पेटवली. तात्या कपाळाचा घाम पुसत दगडाशी टेकले. इतके हलके झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"शब्दन् शब्द सांगा," रॉय मला म्हणाला. "मला एलनला सांगायचंय. भिवा आणि रामा, दोन्ही नावं मी ऐकली."

घरी शार्दूल सासूबाईंच्या मांडीवर निजलेला असणार, हे माझ्या डोक्यात आलं. आठवण काढतंत, एवढे दोन शब्द बोलले असते तर सगळे आनंदाने घरी गेले असते. पण तो माणूस पाव हाताने तोडणाऱ्या बापाचा मुलगा होता, आणि माझ्याकडे बघत उभा होता.

मी सांगितलं. जसं ऐकलं तसं, तात्यांच्या क्रमाने. बोलणं चालू असतानाच आजूबाजूचे आवाज बंद होत गेले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण रॉयचा चेहरा वाचता येत होता.

"काय सांगतंस त्येका?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही देवाला सांगितलंत तेच."

तात्या दगडाशी टेकले होते ते सरळ झाले.

रॉयने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "म्हणजे त्याने मारलं नव्हतं."

"नाही."

"रामाने मारलं."

"हो. थोरला भाऊ. हे घर त्याचं."

"माझ्या मधल्या नावाचा रामा." तो किंचित हसला. "पोराला त्याचं नाव दिलं म्हाताऱ्याने. तिकडे बसून." मग तो दगडाच्या पाठीकडे बघत राहिला. "आणि मी कशाला हो म्हटलं ते पुन्हा सांगा. शेवटचं."

मी पुन्हा सांगितलं, तो तिकडेच राहू दे, त्याच्या रक्ताला या घराचा उंबरा दाखवू नको.

"त्यांना विचारा, ते मागे घेता येतं का."

मी विचारलं. तात्यांनी मान खाली घातली. "देवासमोर म्हटलेला मागे नाय येवचा. आमचाव नाय, तेचाव नाय."

हे मी रॉयला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे मेंढ्यांना कापायला असं नेतात. एक पाळीव मेंढा पुढे ठेवतात, बाकीच्या त्याच्यामागून निमूट आत जातात." आणि मग, "गोड छान करतात तुमच्या सासूबाई."

तो तसाच चालत घरी आला. अंगणात उभा राहिला, पायरी चढला नाही. मीच पडवीतून त्याची बॅग आणून दिली. गाडी येईपर्यंत मी त्याच्याजवळ थांबले.

"माती?" मी विचारलं. "मी ठेवीन कुठेतरी. कोणाला कळणार नाही."

"नको," तो म्हणाला. "चोरून कशाला? होडी चोरून एकदा निघाला होता बिचारा, आणखी लांब जाऊन पडला. तिथे त्याचं थडगं आहे, आता गवतही काढलेलं आहे." त्याने डबा बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला. "एलनला उत्तर मिळालं, तेवढं पुरे. वडिलांना मिळायला हवं होतं."

गाडीत बसताना त्याने शार्दूलसाठी बसच्या हॉर्नचा आवाज काढला. शार्दूल तिथे नव्हता.

मी आत गेले. सासूबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या.

"त्येना व्हय म्हटल्यान मां?" त्यांनी विचारलं.

"म्हटलं."

"तेच्याच रगतान म्हटला. आता काय भ्या नाय." त्यांनी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "सुटला गो माझा बाळ."

"आई, भिवाने काहीच केलं नव्हतं."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, त्या नावासाठी. मग काढून घेतला.

"म्हायत आसा माका," त्या म्हणाल्या. "सगळ्यांक म्हायत आसा. त्येना केललां असता तर आमी कित्याक भ्यालो असतो?"

त्या पुन्हा झोका देऊ लागल्या. अंगणाच्या कडेला रॉयने सकाळी ठेवलेला घास कावळ्यांनी केव्हाच नेला होता.

त्यानंतर मला शिवेवर कोणी नेलं नाही. तात्या दोन वर्षांनी गेले. गाऱ्हाणं आता माझा नवरा घालतो, भरभर. एलन गेल्याचं रॉयने कळवलं, त्यापुढे त्याचा फोन आला नाही. नव्या वर्षाला मी करते, कधी लागतो, कधी नाही.

शार्दूल आता शाळेत जातो. धाकट्याचं नाव ईशान, पत्रिका बघून ठेवलेलं. तो चालायला लागला आहे, पण उंबरा ओलांडायचा म्हटला की अजून बसतो आणि उलटा होऊन पाय टाकतो. दुपारी सासूबाई पाठीमागच्या खोलीत आडव्या होतात, शार्दूल शाळेत असतो, घर सगळं आमचं दोघांचं. तेव्हा मी त्याला त्या नावाने हाक मारते. सुरुवातीला कुजबुजतच मारायचे.

गेल्या महिन्यात त्याला ताप आला. उतरेपर्यंत मी ते नाव घेतलं नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही. सासूबाईंच्या शेजारी बसून मीही पाळण्याची दोरी धरली होती, आणि त्यांचे ओठ हलत होते तसे माझेही हलत होते.

ताप उतरला. चारपाच दिवसांनी, ऊन पडवीत आलेलं, तो पायरीपाशी मातीत खेळत होता. मी आतून, मधल्या घरातून हाक मारली.

"भिवा."

त्याने वर बघितलं. हातातली माती तशीच मुठीत धरून तो उठला, पडवी ओलांडून उंबऱ्यापाशी आला, बसला, उलटा झाला, एक पाय आत टाकला, मग दुसरा.

"ये," मी म्हटलं.